काश्मीर लाईनच्या केळीगाडीला डिझेल हीटर बसवताना

डिसेंबरात जळगावच्या सावदा-रावेर भागातून काश्मीरची गाडी भरताना मालाला किती जपतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. केळी १३ अंशांच्या खाली गेली की तिला थंडी लागते, साल काळवंडते, मग कितीही पिकवा, तो पिवळाधमक रंग येत नाही. म्हणून तळाला आणि बाजूंना केळीचीच पानं लावायची, फाळक्याच्या फटी बुजवायच्या, वरून दुहेरी ताडपत्री ओढून दोर आवळायचा. आणि त्याच गाडीच्या केबिनमध्ये आपला ड्रायव्हर आणि क्लिनर दोन गोधड्या घेऊन चढतात.

जम्मूच्या पुढे बर्फ पडला किंवा दरड आली की ट्रकांची रांग लागते. लहान गाड्या आधी सुटतात, ट्रक दोन-दोन दिवस जागेवर. चार हिवाळ्यांपूर्वी माझा चुलतभाऊ काझीगुंडजवळ असाच अडकला. रात्री काचा लावून दोघांनी पाच किलोच्या सिलिंडरवरची शेगडी बारीक करून ठेवली आणि झोपले. पहाटे त्याला उलटी आली म्हणून जाग आली. डोकं फुटत होतं, पायात बळ नव्हतं, दाराचा खटका हाताला सापडत नव्हता. क्लिनर पोरगा तर हलवूनही उठेना. दार उघडल्यावर, थंड हवेत अर्धा तास गेल्यावर तो बोलायला लागला. ती उलटी झाली नसती तर गाडी परत आली असती, ती दोघं आली नसती.

फैजपूरला माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे. त्या वर्षापासून मी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना डिझेल हीटर बसवतोय. ज्याला हे काम पहिल्यांदाच करायचंय किंवा गॅरेजवर उभं राहून करून घ्यायचंय, त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

हीटरमध्ये घडतं काय

हे यंत्र युरोपातल्या थंड मुलखात ट्रक, शिडाच्या बोटी आणि फिरती घरं यांत फार वर्षं वापरात आहे. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरश्पेचर या दोन कंपन्यांची नावं त्यात सगळ्यात जुनी. आता चिनी हीटर सगळीकडे मिळतात आणि आतली रचना बहुतेक तीच असते.

डबा साधारण बुटाच्या खोक्याएवढा, लांबट. टाकीतून एक छोटा पंप टिक-टिक करत डिझेलचे थेंब मोजून पाठवतो. ग्लो प्लग, ज्याला आपले मिस्तरी हीटर प्लग म्हणतात, तो लाल होऊन ते डिझेल पेटवतो. आग ॲल्युमिनियमच्या बंद खोलीत जळते. त्या खोलीला बाहेरून पात्या असतात. एक पंखा केबिनची हवा त्या पात्यांवरून ढकलतो, हवा तापते आणि केबिनमध्ये येते.

म्हणजे हवा दोन आहेत. एक आगीची: ती गाडीच्या खालून येते, जळते आणि धूर होऊन गाडीच्या बाहेर जाते. दुसरी माणसाची: ती केबिनमध्ये फिरते आणि फक्त तापते. या दोन हवा कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत. पुढे जे काही सांगतोय, जागा, भोक, क्लॅम्प, सायलेन्सरचं तोंड, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे. शेगडीत, स्टोव्हमध्ये, कांगडीत (काश्मिरी लोकांची निखाऱ्यांची टोपली) या दोन्ही हवा एकच असतात. आग तुमच्याच श्वासातली हवा खाते आणि तुमच्याच श्वासात कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरात चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

काही जण म्हणतात, इंजिनच चालू ठेवू की. उभ्या गाडीचं मोठं इंजिन तासाला सहज लिटर-दीड लिटर डिझेल पितं. दोन किलोवॅटचा हीटर तासाला ०.१ ते ०.२५ लिटर घेतो. रात्रीच्या दहा तासांचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय बीएस-सहा गाडीत रात्रभर इंजिन घुरघुरत ठेवलं की धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते, तो खर्च वेगळा.

कोणता घ्यायचा

दुकानदार पाच किलोवॅट, आठ किलोवॅट असे आकडे सांगेल. मोठा आकडा ऐकून घेऊ नका. झोपायच्या केबिनचा सगळा पत्रा आणि काच धरली तर साधारण २० चौरस मीटर होते. बाहेर उणे ५ आणि आत २० अंश हवे असतील तर २५ अंशांचा फरक. अस्तर नसलेल्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाला तीन-साडेतीन वॅट निघून जातात असं धरा. गुणाकार केला की पावणेदोन हजार वॅटच्या आत येतं. दोन किलोवॅटचा हीटर पुरतो. छताला आणि मागच्या भिंतीला फोमचं अस्तर लावलं तर आणखी कमी लागतं, आणि ते काम हीटरच्या आधी करा असं मी प्रत्येकाला सांगतो.

मोठा घेतला तर बिघडलं कुठे? बिघडतं. पाच किलोवॅटचा हीटर छोट्या केबिनमध्ये सतत बारीक आचेवर चालतो. बारीक आचेवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, ग्लो प्लगची जाळी बुजते आणि ऐन थंडीत हीटर पेट घेईनासा होतो. आठ किलोवॅट लिहिलेले पुष्कळ चिनी डबे आतून पाच किलोवॅटचेच असतात, हेही लक्षात ठेवा.

व्होल्टेज बघा. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात, पिकअपला १२. चोवीसच्या गाडीला चोवीसचाच हीटर घ्या. बाराचा स्वस्तात मिळाला म्हणून दोनपैकी एका बॅटरीवरून जोडण्याचा जुगाड मी खूप पाहिलाय. त्यात एक बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी रोज जास्त चार्ज होते, आणि एका हंगामात दोन्ही जातात.

युरोपात विकल्या जाणाऱ्या हीटरवर गोलात ‘ई’ आणि पुढे आकडा असा शिक्का असतो. गाडीच्या हीटरसाठी आर १२२ हा नियम आहे. तो शिक्का असलेला हीटर परवडत असेल तर तोच घ्या. चिनी घेणार असाल तर डबा वाईट नसतो, पण सोबत येणारं सामान, म्हणजे मऊ हिरवी नळी, पातळ क्लॅम्प, शिवणीतून गळणारा सायलेन्सर, यावर भरवसा ठेवू नका. तेवढ्या वस्तू चांगल्या वेगळ्या आणा.

हीटरसोबत त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यायचा. धुराचा अलार्म चालत नाही, तो या वायूला ओळखत नाही. पाकिटावर ईएन ५०२९१ लिहिलेलं असेल तर उत्तम. तो झोपायच्या बर्थवर, उशीच्या उंचीला लावा. अलार्म आणला नसेल तर मी हीटर बसवत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

गाडीत कायमचा बदल करतोय, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ध्यानात ठेवून आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. नवी गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडेही.

जागा

बहुतेक गाड्यांत क्लिनरच्या सीटमागे किंवा बर्थखाली जागा निघते. हीटर केबिनच्या आत, जमिनीवर सपाट बसतो आणि त्याच्या पोटातून तीन तोंडं खाली जातात: डिझेल, आगीची हवा आणि धूर. ही तिन्ही तोंडं केबिनच्या बाहेरच उघडली पाहिजेत. आत फक्त डबा, वायर आणि गरम हवेचा पाइप.

भोक पाडायच्या आधी खाली वाकून टॉर्च मारा. चेसिसचा दांडा, ब्रेकची हवेची नळी, वायरिंगचा जुडगा, सगळं बघा. मग वरून छोट्या बिटने एकच छिद्र पाडून तार खाली सोडा आणि तार कुठे निघाली ते परत बघा. एवढं केल्यावरच मोठं होल.

केबिन टिल्ट होत असेल तर ती एकदा पूर्ण पुढे झुकवून बघा. डिझेलची नळी चेसिसवरून केबिनमध्ये येते, तिला बिजागरीच्या जवळून ढील देऊन आणावी लागते. एका गाडीत मी ती नळी ताणून बांधलेली पाहिली. पहिल्याच सर्व्हिसिंगला केबिन उचलली आणि नळी पंपापासून निघाली.

आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या केबिन बॉडीवाल्याने लाकूड-प्लायवर बांधलेल्या असतात. तिथे होल मोठं कापा आणि त्यावर लोखंडी पत्र्याची प्लेट बसवा. हीटर त्या प्लेटवर. धुराची नळी लाकडापासून सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच लांब. ती नळी रात्रभर तापलेली असते, लाकूड एका रात्रीत पेटणार नाही, पण आठ-दहा रात्रींत त्याचा कोळसा होत जातो आणि मग एका रात्री पेटतं.

प्लेट आणि हीटर यांच्यामध्ये गॅस्केट येतं. ते चार बोल्टने सारखं आवळा, एक कोपरा आधी पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. प्लेट वाकडी असेल तर हीटरचं बूड वाकतं आणि आतला पंखा घासायला लागतो. बसवून झाल्यावर पंखा हाताने फिरवून बघा, करकर ऐकू आली तर सगळं काढून पुन्हा.

धुराची नळी

या नळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकी काम अर्ध्या दिवसात होईल, नळीला उरलेला अर्धा दिवस द्या.

नळी स्टेनलेसची, वळणारी, दोन किलोवॅटच्या हीटरला साधारण २४ मिलिमीटरची. हीटरच्या तोंडावर ती नुसती सरकवून क्लॅम्प मारला की बसल्यासारखी दिसते. पण ती वळ्यावळ्यांची असते, दोन वळ्यांमधल्या फटीतून धूर निघतो. म्हणून तोंडावर आधी तापाला टिकणारं सायलेन्सर सीलंट पातळ लावायचं, नळी पूर्ण आत ढकलायची, मग रुंद पट्टीचा क्लॅम्प. स्क्रू आवळताना नळी हाताने फिरवून बघायची, फिरली तर अजून सैल आहे. सीलंट वाळायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्या. घाईने त्याच संध्याकाळी पेटवू नका.

धुराचा कोणताही जोड केबिनच्या आत येता कामा नये. एक सुद्धा नाही. हीटरचं तोंड प्लेटच्या खाली निघतं, पहिला जोड तिथेच, बाहेरच्या हवेत.

सायलेन्सर लावताना त्याच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं ते बघा. डिझेल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरमागे जवळपास लिटरभर. ते वाफ होऊन निघतं आणि नळीच्या थंड भागात परत पाणी बनतं. छिद्र खाली आलं की पाणी गळून जातं. उलटं बसवलं तर पाणी साचतं आणि थंडीत बर्फ होऊन नळी बंद पडते. सायलेन्सर नसेल तर नळी सगळीकडे उताराला ठेवा, मध्ये झोळ पडू देऊ नका.

नळीचं शेवटचं तोंड केबिनखाली मोकळं सोडू नका, ही मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक. धूर केबिनखाली साचतो आणि गिअर लिव्हरच्या रबरातून, पॅडलच्या भोकातून, वायरिंगच्या फटीतून वर येतो. तोंड गाडीच्या बाजूला, काठाच्या बाहेर काढा, थोडं मागे आणि खाली वळवून. पुढच्या काचेखाली ब्लोअर किंवा एसीची हवा ओढायची जाळी असते, तिच्यापासून लांब. आगीची हवा ओढणाऱ्या नळीचं तोंडही धुरापासून लांब, खाली तोंड करून, समोरून वारा आणि पाणी घुसणार नाही असं.

आणि केळीच्या गाडीसाठी खास: बॉडीतून वाळकी पानं लोंबत असतात. धुराचं तोंड त्या बाजूला नको. गाडी भरून झाल्यावर खाली वाकून लोंबणारी पानं तोडून टाका, रोज. मंडीत किंवा ढाब्यावर गाड्या खेटून लावतात, तिथे आपला धूर शेजारच्या गाडीच्या उघड्या काचेकडे जातोय का तेही बघा. त्या गाडीतही कुणाचं तरी पोर झोपलेलं असतं.

काम झाल्यावर हीटर अर्धा तास पूर्ण आचेवर चालवा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. दुसऱ्या दिवशी परत बघा. जोडाच्या कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तिथून धूर निघतोय. एकदा मी स्वतः बसवलेल्या हीटरच्या प्लेटखाली मला अशी रेघ दिसली, नखाएवढी. गाडी तासाभरात भरायला जायची होती. थांबवली, जोड उघडला, सीलंट एका बाजूला लागलंच नव्हतं. ती रेघ दिसूनही मी तशीच सोडून दिली असती तर काय झालं असतं, याचा विचार अजून रात्री येतो.

डिझेल

इंजिनला जाणाऱ्या लाईनवर टी मारून हीटरला डिझेल देऊ नका. आजच्या इंजिनांत त्या लाईनला दाब असतो किंवा ओढ असते, दोन्हींमुळे हीटर बिघडतो, आणि लाईनमध्ये हवा शिरली तर इंजिनही बंद पडतं. टाकीत वरून वेगळी उभी नळी सोडा. टाकीवर गेजच्या फ्लोटची गोल झाकणी असते, ती काढून टेबलावर आणा, तिच्यात भोक पाडून नळी बसवा आणि परत लावा. टाकीवर थेट ड्रिल चालवलं की लोखंडाचा कीस आत पडतो, वेल्डिंगचा तर विचारच नको. नळीचं टोक तळापासून दोन इंच वर ठेवा. खालचं पाणी आणि गाळ हीटरमध्ये जात नाही, आणि हीटरने रात्रभरात टाकी रिकामी केली असं कधी होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाच-सात लिटरची वेगळी टाकी, केबिनच्या बाहेर घट्ट बांधलेली. लडाखकडे जाणाऱ्यांसाठी मला हाच बरा वाटतो, का ते पुढे येईल. त्या टाकीवर ठळक ‘डिझेल’ लिहा. बीएस-सहा गाडीला युरियाच्या पाण्याची, डीईएफची, वेगळी टाकी असते आणि झोपेत हात चुकतो.

पंप टाकीजवळ, हीटरपासून लांब. तो ढकलायला चांगला आणि ओढायला कमजोर असतो. उभा-आडवा कसाही नको, डिझेल बाहेर पडणारं तोंड थोडं वर, १५ ते ३५ अंशांत. त्यामुळे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत, पुढे सरकतात. रबरावर टांगा, नाहीतर टिकटिक चेसिसमधून सगळ्या केबिनला ऐकू येते.

नळी कडक नायलॉनची, आतून २ मिलिमीटर. मऊ नळी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि मोजलेला थेंब मोजलेला राहत नाही. जिथे दोन नळ्या रबरी तुकड्याने जोडता तिथे एक छोटी गोष्ट करा: दोन्ही टोकं ब्लेडने सरळ कापा आणि रबराच्या आत एकमेकींना टेकवा. मध्ये अर्ध्या बोटाची पोकळी राहिली की तिथे बुडबुडा बसतो, आणि दर काही मिनिटांनी हीटर एक गचका खातो.

वायर

हीटर चालताना फार वीज घेत नाही, २० ते ४० वॅट. रात्रीचे दहा तास सरासरी ३० वॅट धरले तर २४ व्होल्टवर साडेबारा ॲम्पिअर-तास. चांगल्या बॅटरीला ते काहीच नाही. पण पेटताना ग्लो प्लग एक-दोन मिनिटं शंभर-सव्वाशे वॅट ओढतो. वायर पातळ असेल तर तेवढ्या वेळात हीटरपाशी व्होल्टेज पडतं, हीटर लो व्होल्टेजचा कोड दाखवून बंद होतो, आणि माणूस नवी बॅटरी घ्यायला धावतो. बॅटरीपासून सरळ, ४ चौरस मिलिमीटरची वायर आणा, परत येणारी अर्थही तेवढीच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून जोडू नका.

एक गोष्ट मात्र ड्रायव्हरला समोर बसवून सांगा. हीटर बटणाने बंद केला तरी पंखा तीन ते पाच मिनिटं चालू राहतो, आतली तापलेली खोली थंड करायला. त्या वेळात बॅटरीचा कटऑफ, म्हणजे बॅटरी तोडणारा स्विच, काढायचा नाही. काढला तर उष्णता अडकते, सेन्सर आणि पंख्याची मोटर वितळते. म्हणून हीटरची वायर मी कटऑफ स्विचच्या आधी घेतो.

गरम हवा

हा भाग सोपा. पाइप हीटरने दिलेल्या मापाचाच, साधारण ६० मिलिमीटर, कमीत कमी वळणं. तोंड पायांकडे ठेवा, गरम हवा आपोआप वर येते. तोंड एकच असेल तर त्यावर बंद करता येणारी जाळी लावू नका, बंद राहिली तर हीटर तापून थांबतो. तोंडासमोर गोधडी, कपडे, बाटल्या नकोत. आणि हीटर कितीही चांगला असला तरी एक काच बोटभर उघडी ठेवून झोपायचं. श्वासाची वाफ बाहेर जाते, पहाटे काचेवर पाणी ओघळत नाही.

पहिल्यांदा पेटवताना

रिमोटवर किंवा पॅनेलवर पंप भरायची सोय असते, तिने नळीत डिझेल हीटरजवळ येईपर्यंत भरा, नळी पारदर्शक असते, दिसतं. मग चालू करा. पांढरा धूर मिनिटभर येतो, घाबरायचं नाही. पहिल्या एक-दोन वेळा पेटला नाही तरी चालेल. पण पाच-सहा वेळा दाबत राहू नका. न जळलेलं डिझेल आत साचतं आणि मग एकदम पेटलं की नळीच्या तोंडातून ज्वाळा येते. दोनदा नाही पेटला तर थांबा, डिझेल पोचतंय का, बुडबुडे आहेत का ते बघा.

पेटल्यावर धूर दिसायला नको. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आवाज ऐका: आधी पंखा, मग टिक… टिक… सावकाश, मग आतून हळू घरघर, आणि टिकटिक जलद. हा क्रम चार वेळा ऐकला की पुढे बिघाड तुम्हाला कानानेच कळतो. आमच्याकडचे ड्रायव्हर फोनवर तो आवाज मला ऐकवतात, “भो, ऐक बरं, असा वाजतोय”, आणि अर्ध्या वेळा तेवढ्यावर काम होतं.

उंचीवर

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर. श्रीनगर जवळपास १,६०० मीटर, लेह ३,५०० मीटर, आणि लेहच्या वाटेवरचा झोजिला त्याच उंचीचा. वर हवा विरळ होते, पण पंप तेवढेच थेंब पाठवतो. डिझेल जास्त, हवा कमी, काजळी. बरेच हीटर साधारण १,५०० मीटरपर्यंत विनातक्रार चालतात. श्रीनगरला फारसं अडत नाही. लेहकडे जाणार असाल तर उंची स्वतः ओळखणारा हीटर किंवा उंचीचा कंट्रोल असलेला घ्या. ज्या पॅनेलवर पंपाचा वेग हाताने कमी करता येतो, तिथे वर गेल्यावर तो कमी करा आणि खाली उतरल्यावर परत वाढवा.

डिझेल गोठण्याचा प्रश्न वेगळा. साध्या डिझेलचं भारतीय मानक हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत वाहतं राहण्याचीच हमी मागतं. प्रत्यक्षात ते त्याहून बरं असतं, तरी भुसावळला भरलेलं डिझेल लडाखमधल्या द्रासच्या रात्रीसाठी नाही. आधी त्यात मेण धरतं, आणि हीटरची २ मिलिमीटरची नळी इंजिनच्या आधी चोंदते. इंडियन ऑइलने लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. वेगळी छोटी टाकी असेल तर ती रिकामी घेऊन जा आणि ते डिझेल मिळेल तिथे भरा. काश्मीर खोऱ्यापर्यंतच जायचं असेल तर टाकी खाली करत पोचा आणि जम्मूपुढे, थंड भागातल्या पंपावर भरा.

रोजची सवय आणि वर्षाचं काम

रात्री बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी आणि जाग येईल तेव्हा धुराचं तोंड बघायचं. बर्फाने तोंड झाकलं की हीटर बंद करा, हाताने साफ करा, मग पेटवा. गाडी बर्फाच्या ढिगाला खेटून लावू नका. डोकं जड वाटलं, मळमळलं, तर ती दगदग आहे की काय याचा विचार खाली उतरल्यावर करायचा, आधी दार उघडायचं. आणि अलार्म वाजला तर बॅटरी संपली असेल असं म्हणून तो बंद करायचा नाही.

बारीक आचेवर चार-पाच तास चालला असेल तर पहाटे वीस मिनिटं पूर्ण आचेवर चालवा, काजळी जळून जाते. गाडीत एक ग्लो प्लग, त्याची जाळी, दोन फ्यूज, एक क्लॅम्प आणि हातभर नायलॉन नळी ठेवा. जाळी हंगामाला एकदा बदलावीच लागते आणि काझीगुंडच्या रांगेत ती कुठे मिळणार नाही.

फेब्रुवारीत शेवटची खेप आली की लोक हीटर विसरतात आणि नोव्हेंबरात आठवतात. तोवर पंपातलं डिझेल चिकट झालेलं असतं, पंप अडकतो. म्हणून महिन्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं, हीटर चालवायचा, मे महिन्यातसुद्धा. आपल्याकडे तेव्हा दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पहाटे पाचला करा, दोन्ही दारं उघडी ठेवून. बर्थवर बसू नका, खाली उतरून धुराच्या तोंडाशी उभे राहा, टिकटिक ऐका, आणि टॉर्चने तो पहिला जोड बघा.